कचऱ्यावर हक्क कोणाचा?

पोटगीचा किंवा घटस्फोटाचा दावा उभा राहिला की नवरे खाजगी गुप्तहेर नेमतात. बाई कुठे जाते, कोणाशी बोलते यावर नजर असतेच. पण दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवीही त्यांच्या कामाची. गोळ्यांचे रिकामे पाकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, फाडलेले पत्र. हे उचलले तर ती चोरी का?

कायद्याने चोरी ठरायला वस्तू कोणाच्या तरी ताब्यातून, संमतीवाचून नेलेली असावी लागते. आपणहून टाकलेल्या वस्तूबाबत हे सिद्ध करणे अवघड. अमेरिकेत कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड खटल्यात पोलिसांनी नेहमीच्या कचरा नेणाऱ्याकडूनच पिशव्या मागून घेतल्या होत्या. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या: रस्त्याकडेची पिशवी जनावरे, मुले, कचरा वेचणारे, भोचक लोक, कोणीही उघडू शकते, मग खाजगीपणा कसला?

वेचणारी आणि भोचक यांना एका रांगेत बसवणे आम्हाला मान्य नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. भंगारावर वेचणारीचा हक्क आहे, कारण ते तिचे श्रम आहेत. पण कागद टाकणारीने कागद सोडला, आपले आयुष्य नाही सोडले.

आपल्याकडे २०१७ साली खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. तरी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारे २००७ चे विधेयक कायदा झालेच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालेल असे सांगितले. बाई व्यभिचारात राहते असे सिद्ध झाले तर तिची पोटगी जाते. म्हणजे चिठ्ठीच्या एका कपट्यावरून तिच्या चारित्र्याची आणि भाकरीची झडती सुरू होऊ शकते.

नवऱ्याची लपवलेली कमाई शोधायला बाईलाही पुरावा लागतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण २०२० पासून दोन्ही बाजूंना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तो रस्ता न्यायालयातून जातो, कचराकुंडीतून नाही.

तेव्हा गुप्तहेरांसाठी कायद्याची मागणी लावून धरू या. सल्ला केंद्रात येणाऱ्या बहिणीला कागद बारीक फाडून टाकायला सांगू या. आणि वेचणाऱ्या बहिणींशीही बोलू या: कोणी पैसे देऊन एका घराची पिशवी मागू लागला, तर तो भंगार विकत घेत नाही, एका बाईला घेतो आहे.