राखीने गुन्हा धुतला जात नाही

विनयभंगाच्या आरोपीने पत्नीसह, मिठाईचा डबा घेऊन फिर्यादी स्त्रीच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि अकरा हजार रुपये ओवाळणी घालावी, अशी जामिनाची अट मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ३० जुलै २०२० रोजी घातली. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आरोपीची व पीडितेची गाठ घालून देणारी कोणतीही अट जामिनात असू नये, असे बजावले. अट गेली, परंतु जिच्यातून ती जन्मली, ती वृत्ती गेली काय?

ही वृत्ती आपल्या परिचयाची आहे. गावातील चार प्रतिष्ठित जमतात, ‘बाहेर वाच्यता नको’ म्हणून मुलीच्या बापाची समजूत घालतात, रक्कम ठरते, प्रसंगी त्याच नराधमाशी तिचे लग्नही लावले जाते. मिटते ते प्रकरण. मुलीचे दुःख नव्हे. अशा मांडवलीला आता समेटाच्या न्यायाचे भारदस्त नाव मिळू पाहत आहे, म्हणून दोहोंतील भेद सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अपराध्याने जिची हानी केली तिच्यासमोर उभे राहून उत्तर द्यावे, या विचारात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या न्यायालयात पीडिता ही सरकार पक्षाची एक साक्षीदार असते. उलटतपासणीचे घाव सोसूनही, तुला काय हवे, असे तिला क्वचितच कोणी विचारतो. ही उणीव ओळखूनच न्यूझीलंडमध्ये २००५ साली ‘प्रोजेक्ट रिस्टोर’ सुरू झाला. पण तेथे अपराध्याने आधी जबाबदारी पत्करावी लागते, आणि भेटीपूर्वी तज्ज्ञ दोन्ही पक्षांची तयारी करून घेतात.

म्हणून मर्यादा स्पष्ट हव्यात. पहिली, इच्छा तिची असावी. युरोपातील २०११ च्या इस्तंबूल कराराने सक्तीचा समेट निषिद्ध मानला तो याचसाठी. जिच्या बापाची चूल आरोपीच्या चुलत्याच्या शेतावर पेटते, तिचा होकार हा होकार कसा समजावा? दुसरी, कबुली आधी, भेट मागाहून. इंदूरच्या प्रकरणात खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच तिने त्याला भाऊ मानावयाचे होते! तिसरी, समेट शिक्षेची जागा घेऊ शकत नाही. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीचा विचारच करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी एका सात वर्षांच्या बालिकेच्या प्रकरणात दिला आहे.

क्षमा करणे हा त्या स्त्रीचा अधिकार आहे, कर्तव्य नव्हे. उद्या आपल्या गल्लीत अशी बैठक भरली, तर वाचकहो, तिच्या बाजूने उठून उभे राहा आणि तिला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करा. शेजारधर्म तो हाच.