खरेदी दुकानांची, सत्ता पुरवठ्याची

ऑनलाइन कंपन्या चालू दुकानांच्या साखळ्या विकत घेतात, यावर पालघर-बोईसरच्या बाजारात दोन मतं ऐकू येतात. व्यापारी म्हणतात, शेवटी दुकानाशिवाय धंदा होत नाही हे त्यांनाही कळलं, म्हणजे जिंकलो आपणच. तरुण म्हणतात, मोठी कंपनी आली की भाव उतरतील आणि तारापूर एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदाराची वाट पाहणाऱ्यांना काम मिळेल. दोन्ही मतं प्रामाणिक आहेत, पण मला ती मान्य नाहीत.

अॅमेझॉनने 2017 साली होल फूड्स ही अमेरिकेतली किराणा साखळी 13.7 अब्ज डॉलरला घेतली, तेव्हाही दुकानाचा विजय झाला असंच म्हटलं गेलं. त्याच कंपनीने मार्च 2022 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधली पुस्तकांची व इतर अशी आपली 68 दुकानं बंद करायचं जाहीर केलं. दुकान ठेवायचं की मिटवायचं, हे तिथे मुख्यालय ठरवतं. बोईसर स्टेशनजवळचा किराणावाला मंदीत माल कमी भरतो, घरच्यांना गल्ल्यावर बसवतो, पण सहजासहजी शटर ओढत नाही, कारण त्याचं घर त्याच दुकानावर चालतं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण बिग बझारचं. परकीय मालकीच्या ऑनलाइन कंपनीला आपल्याकडे स्वतःचा माल थेट ग्राहकाला सहसा विकता येत नाही, आणि अनेक ब्रँडच्या दुकानांत परकीय गुंतवणुकीला 51 टक्क्यांची मर्यादा आहे, शिवाय सरकारची मंजुरी लागते. 2019 मध्ये अॅमेझॉनने किशोर बियाणींच्या समूहातल्या फ्यूचर कूपन्स या कंपनीचा 49 टक्के हिस्सा सुमारे 1,430 कोटींना घेतला. कंपनी नावाला गिफ्ट व्हाउचरची, पण तिच्या हाती फ्यूचर रिटेलचे शेअर होते आणि फ्यूचर रिटेलकडे बिग बझार. ऑगस्ट 2020 मध्ये फ्यूचरने आपला व्यवसाय 24,713 कोटींना रिलायन्सला विकायचं ठरवलं, अॅमेझॉनने हरकत घेतली, आणि भांडण सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने खरा हेतू लपवल्याचा ठपका ठेवत अॅमेझॉनला दिलेली मंजुरी स्थगित केली आणि सुमारे 200 कोटींचा दंड लावला.

निकाल कोणाच्या बाजूने लागला, यापेक्षा दुकानांचं काय झालं ते पाहा. भाडं थकलं होतं, जागांचे करार रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले होते, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये आठशेहून अधिक दुकानांचा ताबा तिच्याकडे जाऊ लागला. एप्रिलमध्ये बँकांनी विक्रीचा प्रस्ताव फेटाळला, जुलैमध्ये फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी उधारीवर माल दिला होता ते पुरवठादार घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. करोडोंच्या या भांडणात त्यांना कोणी विचारलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

रोजगाराचं म्हणणंही टिकत नाही. नवं दुकान उघडलं तर जागा वाढतात. चालू दुकान विकत घेतल्याने फक्त मालक बदलतो. भाव उतरतात हे खरं, पण ती सूट बहुतेक वेळा पुरवठादाराच्या खिशातून जाते. आणि ठेकेदाराने पगार लांबवला की तारापूरच्या कामगाराला महिनाभर डाळ-तांदूळ वहीवर देणारा माणूस कुठल्याही अॅपमध्ये नाही.

मग बंदी घाला, असं म्हणणाऱ्यांच्याही बाजूचा मी नाही. पुण्याच्या फर्स्टक्राय या ऑनलाइन कंपनीने 2016 मध्ये महिंद्रांचा बेबीओये हा दुकानांचा व्यवसाय सुमारे 362 कोटींना घेतला. लहान मुलांचे कपडे हातात घेऊन पाहायची सोय त्यामुळे जास्त आयांना मिळाली असेल, तर त्यात वाईट काय? पक्कं बिल आणि बिनतक्रार परतावा ग्राहकाला हवाच. किराणावाल्याने ते द्यायला शिकलंच पाहिजे.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. दुकानांची साखळी विकत घ्यायला मंजुरी देताना स्पर्धा आयोगाने ग्राहकाच्या भावाइतकाच पुरवठादाराच्या थकबाकीचा आणि सौदा करण्याच्या ताकदीचाही विचार करावा. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे: एकत्र येऊन खरेदी करण्याची. सातपाटीत पापलेटचा हंगाम सुरू होताना मच्छीमारांच्या सहकारी संस्था वजनवार भाव व्यापाऱ्यांशी एकत्र बसून ठरवतात. एकट्या नाखव्याला तो भाव कधी मिळाला नसता. मुंबईत नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये अपना बाजार हे सहकारी भांडार उभं केलं, ते एकत्र खरेदीच्या बळावर. पालघर-बोईसरचे किराणा दुकानदार मात्र आजही घाऊक बाजारात एकेकटे जातात आणि एकेकट्याला मिळेल तो भाव घेऊन येतात.

त्यांनी तेल, साखर, तूरडाळ आणि तांदूळ या चारच वस्तूंपासून सामाईक खरेदी सुरू करावी. तांदळासाठी लांब जायलाही नको. वाडा तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे, वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि रोख भाव देणारा, ओळखीचा खरेदीदार तिथल्या शेतकऱ्याला हवाच आहे.