शेवटच्या पंधरा हातांचे पाणी

हिंगोली जिल्ह्याची हळद परदेशी जाण्यापूर्वी तिचा नमुना प्रयोगशाळेत धाडला जातो, आणि तेथे इतर अनेक गोष्टींबरोबर तिच्यात शिसे किती आहे हेही मोजले जाते. मर्यादेपेक्षा ते अधिक निघाले तर माल नाकारला जातो, व्यापाऱ्याची पत बुडते, आणि म्हणून या परीक्षेची आवश्यकता वसमतच्या बाजारात कोणाला पटवून द्यावी लागत नाही. परंतु ती हळद लावणाऱ्या, काढणाऱ्या आणि शिजवणाऱ्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा या गावच्या घरांत जे पाणी नळाला येते आणि जे तेथील मुले शाळेत जाण्यापूर्वी पितात, त्या पाण्यात शिसे आहे काय, हा प्रश्न विचारण्याचा शिरस्ता आपल्या कारभारात अद्याप पडलेला नाही. जिनसेची परीक्षा होते आणि ती पिकवणाऱ्याच्या घागरीची होत नाही, ही विसंगती मला असह्य वाटते.

शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण किंचित वाढते. आणि क्लोरीनने जंतू मरतात तसे ते मरत नाही. लहान मुलाच्या शरीरात ते प्रौढाच्या मानाने कितीतरी अधिक शोषले जाते, हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, आणि वाढत्या मेंदूची जी हानी करते ती नंतर कोणत्याही औषधाने भरून येत नाही. शरीराला निर्धोक अशी शिशाची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. भारतीय मानक 10500 प्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असता कामा नये, आणि दुसरे पाणी उपलब्ध नाही या सबबीवर इतर काही घटकांना जी सवलत मिळते ती शिशाला दिलेली नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ज्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे अशा भारतीय मुलांची संख्या सुमारे साडेसत्तावीस कोटी अंदाजिली होती. हे सारे शिसे पाण्यातून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, रंग, भांडी, भेसळीचे मसाले असे त्याचे अनेक मार्ग आहेत. पण पाण्याचा मार्ग असा आहे की जो सार्वजनिक पैशाने बांधला जातो, आणि म्हणून त्याची जबाबदारी कोणाची याविषयी वाद असण्याचे कारण नाही.

आमच्याकडे शिशाचे नळ कधी फारसे नव्हतेच, मग ही चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. शिशाच्या नळांची मिरास मुख्यतः युरोप-अमेरिकेची, हे खरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यशास्त्रज्ञाने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे फिकट चेहरे पाहून, पाणी मातीच्या नळांतून आणावे असा सल्ला दिला होता, आणि तो त्याच्या देशाने मानला नाही. आपल्या मराठवाड्यात मात्र सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जी नहर आणली तिच्यात भाजलेल्या मातीचे नळ होते. परंतु ज्याला आपण आज प्लास्टिकचा पाइप म्हणतो तो पीव्हीसीचा नळ साच्यातून काढताना उष्णतेने विघटित होऊ नये म्हणून त्यात एक स्थिरकारी द्रव्य मिसळावे लागते, आणि आपल्या देशात दीर्घकाळ हे द्रव्य म्हणून शिशाचे क्षार वापरले गेले, कारण ते स्वस्त होते. कॅल्शियम आणि जस्ताचे निर्धोक मिश्रण उपलब्ध असूनही काही पैशांची बचत वरचढ ठरली. नळ नवा असताना त्याच्या आतल्या पृष्ठभागावरून हे शिसे पाण्यात उतरते, आणि पाणी आम्लधर्मी असेल किंवा नळ उन्हात तापत पडला असेल तर अधिक उतरते. जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी नळांत आणि पितळी तोट्यांतही शिशाचा अंश असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये या प्रश्नी केंद्र सरकारला मानक ठरवण्याचा आदेश दिला, आणि 2021 मध्ये पीव्हीसी नळांतील शिशाच्या वापराविषयीचे नियम अधिसूचित झाले. हे नियम कारखान्यातून पुढे निघणाऱ्या नळांसाठी आहेत. त्यापूर्वी जमिनीत गाडले गेलेले नळ कोणत्या गावात किती आहेत याची मोजदाद करण्याचे काम त्यांनी कोणावर सोपवलेले नाही.

आता एखाद्या मोठ्या खेड्यातील पाण्याची वाट पाहू. विहिरीतून किंवा धरणाखालच्या उद्भवातून पाणी जलकुंभात चढते. जलसुरक्षक त्यात क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो, पाण्यात क्लोरीन उरले आहे काय हे पाहणारे ओ.टी. परीक्षण करतो आणि नोंदवहीत आकडा लिहितो. पाणी कितपत निर्धोक याची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. मुख्य वाहिनी निविदेप्रमाणे मानांकित नळांची घातलेली असते. पण त्या वाहिनीपासून घराच्या ओट्यापर्यंतचे शेवटचे पंधरा-वीस हात बहुतेक जुन्या जोडण्यांत घरमालकाने स्वतःच्या खर्चाने टाकलेले आहेत, आणि तेथे तालुक्याच्या दुकानात सर्वांत स्वस्त मिळालेला, कोणत्याही मानकाची खूण नसलेला, कदाचित भंगाराच्या प्लास्टिकातून पुन्हा ओढलेला नळ सांध्याला रबर गुंडाळून गटारीच्या कडेने गेलेला असतो. पाणी एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा सुटते. मधल्या काळात नळात उरलेले पाणी तसेच तुंबून राहते आणि धातू सोडवून घेते. मग पाणी सुटताच घरोघरच्या मोटारी चालू होतात आणि त्या ओढीने सैल सांध्यांतून गटारीचे पाणीही आत शिरते. ज्या टाकीचे परीक्षण झाले तिचे पाणी आणि जे पेल्यात पडले ते पाणी, ही अशा रीतीने दोन वेगळी पाणी होतात. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील वस्त्यांत 2025 च्या जानेवारीत गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयात येऊ लागले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. महानगराची ही अवस्था, तर खेड्याने कोणाकडे पाहावे?

नळांकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते पाहा: अमेरिकेतील फ्लिंट शहराने 2014 च्या एप्रिलमध्ये खर्च वाचवण्यासाठी नदीचे पाणी घेण्यास आरंभ केला आणि नळ न गंजण्यासाठी त्यात जे द्रव्य मिसळावयाचे ते मिसळले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील मोटारींच्या कारखान्याने यंत्रांचे सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणे बंद केले, पण मुलांच्या पेल्यातले पाणी आणखी एक वर्ष तेच राहिले, आणि मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ स्त्रीने मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे जाहीरपणे मांडले तेव्हा कोठे अधिकाऱ्यांनी माघार घेतली. याउलट त्याच देशातील नेवार्क शहराने सुमारे 23,000 शिशाच्या घरजोडण्या तीन वर्षांच्या आत बदलल्या, त्या केवळ एका निर्णयामुळे: रस्त्यापासून घरापर्यंतचा तुकडा घरमालकाची मालमत्ता आहे हा जुना युक्तिवाद शहराने सोडून दिला, सारा खर्च स्वतः उचलला, आणि मालकाची परवानगी न मिळाली तरी जोडणी बदलता येईल असा कायदा केला.

आधी पाणी तर येऊ द्या, शुद्धतेचे मग पाहू, असे मराठवाड्यात म्हटले जाते, आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले हे ज्याने पाहिले त्याच्या तोंडी हे वाक्य मला उर्मट वाटत नाही. पण घरोघरी नळ देण्याच्या जलजीवन मिशनखाली दररोज दरडोई 55 लिटरांसाठी चर खणले जात असतील तेव्हाच जुना तुकडा उपटून नवा घालणे सर्वांत स्वस्त पडते. चर एकदा बुजला, वर सिमेंटचा रस्ता झाला, की ते काम आणखी वीस वर्षे लांबते.

म्हणून डोंगरकड्याच्या ग्रामसभेने दोन ठराव करावेत असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. पहिला हा की मुख्य वाहिनीपासून तोटीपर्यंतचा प्रत्येक नळ ग्रामपंचायतीच्या खर्चाने, मानकाची खूण आणि शिसेरहित असल्याचा दाखला पाहूनच बसवला जाईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता, त्यामुळे अशा खर्चाची वाट प्रशासनाला अपरिचित नाही. दुसरा ठराव नमुन्याचा. गावातल्या परीक्षण-पेटीने शिसे कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतील उपकरण लागते. तेव्हा प्रत्येक अंगणवाडीच्या आणि शाळेच्या नळाचे, रात्रभर तुंबलेले, पहाटेचे पहिले पाणी स्वच्छ बाटलीत धरून जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या प्रयोगशाळेकडे शिशाच्या चाचणीसाठी धाडावे आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. तोपर्यंत घरोघरच्या आयाबहिणींनी नळाला येणारे पहिले एक-दोन बादल्या पाणी अंगणात, गोठ्यात, धुण्याला वापरावे आणि पिण्याचा हंडा त्यानंतर भरावा.