पुराव्याची वाट किती पाहायची?

रॉब बरो याचे २ जून २०२४ रोजी वयाच्या ४१ व्या वर्षी निधन झाले. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधील लीड्स शहरात एका उपचार केंद्राच्या बांधकामाला सुरुवात झाली. केंद्राला नाव बरोचेच होते आणि तिथे उपचार होणार होते ते त्याला झालेल्या आजारावर, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजवर (एमएनडी). भूमिपूजनाचा दिवस आधीच ठरला होता, तो पुढे ढकलला गेला नाही.

बरो हा व्यावसायिक रग्बी लीग खेळाडू होता. खेळाडूंना मजुरी बुडाल्याची भरपाई द्यावी की नाही, या वादातून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले आणि त्यातून हा खेळ जन्मला. एका संघात १३ खेळाडू असतात. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा वेळा पकडले गेले की चेंडू सोडावा लागतो. त्यामुळे ८० मिनिटे धावणे, आदळणे आणि पकडणे हेच सुरू राहते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला घेरून पकडतात, तशीच ही पकड असते. फरक इतकाच, की येथे दोन्ही बाजूंचे खेळाडू पूर्ण वेगाने समोरासमोर येतात आणि त्यांतील अनेकांचे वजन १०० किलोंच्या आसपास असते.

बरोची उंची होती अवघी पाच फूट पाच इंच. ‘हा टिकणार नाही’ असे त्याच्याबद्दल सुरुवातीला बोलले गेले, पण २००१ ते २०१७ या काळात तो लीड्स ऱ्हायनोजकडून ४९२ सामने खेळला आणि त्याने आठ वेळा सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. २०११ च्या अंतिम सामन्यात तर मतदान करणाऱ्या सर्वांनी सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकट्या त्याचेच नाव घेतले. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी त्याची जीभ जड होऊ लागली, शब्द अडखळू लागले. डिसेंबर २०१९ मध्ये निदान झाले.

एमएनडीमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतील, स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. संदेश थांबला की स्नायू वाळतात. हातपाय, बोलणे, गिळणे आणि शेवटी श्वास, असा हा आजार सरकत जातो. अनेकांची बुद्धी मात्र शाबूत असते. स्टीफन हॉकिंग याच गटातील आजारासह अनेक दशके जगले, पण ते अपवाद होते. निम्म्याहून अधिक रुग्ण निदानानंतर दोन वर्षांच्या आत दगावतात. ‘रिलुझोल’ हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. ‘टोफर्सेन’ हे नवे औषध विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या थोड्याच रुग्णांना उपयोगी आहे. बरोची वाचा गेल्यावर तो डोळ्यांच्या हालचालीने संगणकावर शब्द निवडत असे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या त्याच्याच आवाजात संगणक ते बोलून दाखवत असे.

त्याने आपले आजारपण लपवले नाही. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफिल्ड याने डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून निधी जमवला, कारण बरोच्या जर्सीचा क्रमांक सात होता. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये सिनफिल्डने चाकाच्या खुर्चीतील बरोला ढकलत संपूर्ण शर्यत पार केली आणि शेवटची रेषा त्याला हातांवर उचलून ओलांडली. ते दृश्य जगभर पाहिले गेले. पण त्या दृश्याने डोळे ओले झाले, तरी त्यामागचा प्रश्न तसाच उरतो. हा आजार खेळामुळे झाला का?

बरोच्या बाबतीत याचे उत्तर देता येत नाही. मात्र खेळाडूंच्या मोठ्या गटांबाबत काही गोष्टी आता कळू लागल्या आहेत. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंची तुलना त्याच वयाच्या आणि तशाच सामाजिक स्तरातील १,२०० हून अधिक सामान्य पुरुषांशी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, मेंदूच्या ऱ्हासाचे आजार सामान्य पुरुषांपैकी शंभरात सुमारे पाच जणांना, तर खेळाडूंपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना झाले. स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट, कंपवाताचा तिप्पट आणि एमएनडीचा सुमारे १५ पट आढळला.

हा १५ पटींचा आकडा मथळ्यांत झळकला. तो जपून वाचायला हवा. एमएनडी विरळ आजार आहे. आयुष्यभरात साधारण ३०० पैकी एकाला तो होतो. त्यामुळे ४१२ जणांच्या गटात रुग्ण मोजकेच निघतात आणि एखाद-दुसरा रुग्ण कमी-जास्त झाला तरी पट बराच बदलतो. शिवाय ते खेळाडू १५ जणांच्या ‘रग्बी युनियन’चे होते, बरोच्या ‘लीग’चे नव्हते. दुसरी शक्यताही आहे. शेफील्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांमध्ये वारंवारच्या अतिश्रमाच्या व्यायामाचा एमएनडीशी संबंध असू शकतो. म्हणजे दोष डोक्यावरच्या धक्क्यांचा, अतिश्रमाचा, जनुकांचा की या सर्वांचा, हे अजून सुटे करता आलेले नाही.

एका आजाराबाबत मात्र संशय कमी आहे. ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ (सीटीई) या विकारात मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती ‘टाऊ’ प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. त्याचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांत प्रथम वर्णिलेली ही अवस्था पुढे अमेरिकी फुटबॉलपटूंत दिसली आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूतही आढळली. बोस्टनच्या संशोधकांनी ६३१ फुटबॉलपटूंच्या मेंदूंच्या अभ्यासातून २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. किती वेळा शुद्ध हरपली किंवा चक्कर आली, यापेक्षा कारकिर्दीत डोक्याने एकूण किती आघात सोसले, यावर सीटीईचा धोका अधिक अवलंबून असतो. ज्या छोट्या धक्क्यानंतर खेळाडू लगेच उठून धावू लागतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

धोरणाचा खरा पेच येथे सुरू होतो. ‘कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असते, पण ते काहीच न करण्याची सबब म्हणूनही वापरता येते. तंबाखूच्या बाबतीत हे घडलेले आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये मांडला. ब्रिटनमध्ये सिगारेटच्या पाकिटावर इशारा यायला १९७१ उजाडले. एखाद्या विशिष्ट रुग्णाचा कर्करोग तंबाखूमुळेच झाला, हे छातीठोकपणे सांगणे आजही अवघड असते. तरीही तंबाखू टाळा, हे सांगायला कोणी डॉक्टर कचरत नाही.

रग्बी लीगमध्ये हालचाल सुरू झाली आहे. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक लीगने २०२३ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान ११ दिवस बाहेर बसवण्याचा नियम केला. इंग्लंडमध्ये पकडीची कायदेशीर उंची काखेखाली आणण्याचे पाऊल उचलले गेले. दुसरीकडे ब्रिटनमध्ये माजी खेळाडूंनी नियामक संस्थेविरुद्ध कायदेशीर लढा सुरू केला आहे. कन्कशननंतरची विश्रांती आवश्यकच आहे, पण ती फक्त दिसलेल्या दुखापतीवरचा उपाय आहे. न दिसणाऱ्या धक्क्यांची बेरीज कमी करायची, तर सोपी जागा सराव हीच आहे. सामन्यातील टक्कर टाळता येत नाही, आठवडाभराच्या सरावातील बरीचशी टाळता येते. खेळाची चुरस त्याने घटत नाही.

टक्करीचे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कन्कशन होण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. गोंधळलेपण, डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे ही लक्षणे पुरेशी आहेत. आणि अशा मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, मग सामना अंतिम का असेना.

बरोला हा आजार कशाने झाला, हे कदाचित कधीच कळणार नाही. आज दहा वर्षांच्या असलेल्या खेळाडूने पुढच्या तीस वर्षांत किती धक्के सोसायचे, हे मात्र अजून ठरवता येते. त्यासाठी शेवटच्या पुराव्याची गरज नाही.