३१ मे, संध्याकाळी सहापर्यंत

हीच नोटीस आधी बोर्डावर लावली होती. दोन दिवसांत तिच्यावर कँटीनचं दरपत्रक चिकटलं. म्हणून आता जाहीर लिहितो, म्हणजे रुग्णांच्या नातेवाइकांनाही कळेल.

धंतोलीतल्या माझ्या रुग्णालयात ३१ मेच्या संध्याकाळी सहापर्यंत ज्यानं यंदाची फ्लूची लस घेतली नसेल, त्याला १ जूनपासून वॉर्ड, आयसीयू, डायलिसिस कुठेच पाय ठेवता येणार नाही. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी, लॅबवाले, कँटीनची पोरं, सगळे यात आले. व्हिजिटिंग डॉक्टर तर आधी आले. दिवसाला चार दवाखाने फिरणारे तेच आणि टाळाटाळीत पुढेही तेच.

३१ मेच का? लस टोचल्यावर तिचा जोर यायला दोन आठवडे लागतात. नवतपा सरला की जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि पावसामागोमाग फ्लू. मारबत रोगराई घेऊन जाईल म्हणून पोळ्यापर्यंत थांबलात, तर तोवर खाटा भरलेल्या असतात.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला एक सिस्टर दिसली. मास्क हनुवटीखाली, नाक लाल. तिनं तापाची गोळी घशात टाकली, हात एप्रनला पुसला आणि सत्तरीतल्या आजोबांच्या नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली. पाचव्या दिवशी आजोबा व्हेंटिलेटरवर गेले. तिच्यामुळेच गेले, असं मी म्हणू शकत नाही. पण तिला दुपारी रजा नाकारणारा मीच होतो. यापुढे ताप असेल तर घरी बसा, पगार कापणार नाही.

“मले काही होत नाही सर,” हे रोज ऐकतो. अरे बाबा, फ्लू अंगात दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरतो. तुला पहिली शिंक येईस्तोवर तो सात नंबरच्या खाटेवर पोचलेला असतो. “मागच्या वर्षी घेतली ना!” विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नव्यानं ठरते. टोचायच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे लपवत नाही. पण आजार बळावण्याचा धोका कमी होतो.

३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा मास्कसाठी झुंबड उडाली होती. १६ जानेवारी २०२१ ला कोविडच्या लसीचा पहिला मान आपल्याला मिळाला, तेव्हा दंड दाखवत फोटो काढले. स्वाइन फ्लूचा तोच विषाणू आता नेहमीचा पाहुणा झालाय, तर कुणाला वेळ नाही!

कुप्या तळमजल्यावरच्या फ्रिजमध्ये आहेत, खर्च रुग्णालयाचा. पूर्वी या लसीची गंभीर अॅलर्जी आली असेल, त्यानं तसा कागद आणावा. नातेवाइकांनो, “सिस्टर, लस झाली का?” असं बेधडक विचारा. कुणी खेकसलं तर थेट माझ्या केबिनमध्ये या.

१ जूनला सकाळच्या पाळीला मी यादी घेऊन दारात उभा असेन. यादीत नाव नसेल त्यानं लिफ्टकडे वळू नये. रेकॉर्ड रूममध्ये दहा वर्षांच्या फायली लावायच्या पडल्या आहेत.