पाऊस भेद करीत नाही

स्त्रियांना जपले पाहिजे असे म्हणणारा प्रत्येक माणूस त्यांचा हितचिंतकच असतो, असे मानण्याचे कारण नाही. जपणुकीच्या नावाखाली दार लावून घेण्याची रीत फार जुनी आहे, आणि क्रीडाक्षेत्रात ती विशेष मुरलेली आहे. ऊन कडक आहे, पाऊस आहे, रस्ता वाईट आहे, तेव्हा बायकांनी यात पडू नये, असे मोठ्या कळवळ्याने सांगितले जाते. हा कळवळा खरा किती आणि सोयीचा किती, याची परीक्षा घ्यावयाची तर सायकलशर्यतीसारखे दुसरे उदाहरण नाही. तिथे छप्पर नसते, आडोसा नसतो, आणि पाऊस आला म्हणून सहसा खेळ थांबत नाही.

ब्रिटनच्या ख्यातनाम सायकलपटू श्रीमती लिझी डाइग्नन यांनी जुलै २०२५ मध्ये स्पर्धेच्या रस्त्याचा निरोप घेतला. त्यांच्या दीर्घ कारकीर्दीतील दोन दिवसांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे दोन्ही दिवस ओल्या रस्त्यावरचे आहेत.

पहिला दिवस लंडन ऑलिंपिकमधला, २९ जुलै २०१२ चा. स्त्रियांची १४० किलोमीटरांची शर्यत धो धो पावसात झाली. अशा वेळी सायकलस्वारापुढे काय वाढून ठेवलेले असते, हे घरात बसून कळणे कठीण. टायर आणि रस्ता यांचा संबंध मुळातच बोटभर रुंदीचा. त्यात पाण्याचा थर आला की वळणावरची पकड सुटते. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे साबणासारखी निसरडी होतात. पुढच्या चाकाने उडविलेले पाणी थेट डोळ्यांत जाते. चढणीवर अंगात आलेली ऊब उतारावरचा वारा क्षणात हिरावून नेतो आणि गारठलेल्या बोटांना ब्रेक दाबणेही जड जाते. या अवस्थेत हॉलंडच्या मारियान व्होस यांनी सुवर्णपदक जिंकले. श्रीमती डाइग्नन त्या वेळी आर्मिटस्टेड या माहेरच्या नावाने ओळखल्या जात. त्या दुसऱ्या आल्या. यजमान ब्रिटनचे त्या ऑलिंपिकमधील ते पहिले पदक. पदक गळ्यात असतानाच या तेवीस वर्षांच्या मुलीने जगाला सुनावले की, वेतन असो वा प्रसिद्धी, तिच्या खेळात स्त्रियांच्या वाट्याला उपेक्षाच येते. गोड बोलण्याच्या प्रसंगी खरे बोलण्याचे हे धैर्य आम्हांला त्या पदकाइतकेच मोलाचे वाटते.

ही उपेक्षा नवी नव्हती. पुरुषांची रस्त्यावरील सायकलशर्यत १८९६ च्या पहिल्याच आधुनिक ऑलिंपिकमध्ये झाली. स्त्रियांची शर्यत तिथे यावयास १९८४ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील सुप्रसिद्ध पॅरिस-रूबे शर्यतही १८९६ चीच. तिच्या मार्गात खडबडीत दगडी फरसबंदीचे जुने शेतरस्ते येतात. दगडांच्या फटींत चिखल साचतो, हादऱ्यांनी हात सोलून निघतात, चाके मोडतात. ही शर्यत ‘उत्तरेचा नरक’ म्हणून ओळखली जाते, आणि त्या नरकातही स्त्रियांना सव्वाशे वर्षे प्रवेश नव्हता! अखेर त्यांची शर्यत २०२० साली व्हावयाची ठरली. ती साथीमुळे रद्द झाली, मग लांबली, आणि २ ऑक्टोबर २०२१ रोजी पार पडली.

हा आमचा दुसरा दिवस. अंतर ११६.४ किलोमीटर, त्यात फरसबंदीचे १७ टप्पे, त्यांची लांबी २९.२ किलोमीटर. रस्ता ओला, जागोजाग चिखल. श्रीमती डाइग्नन त्या दिवशी संघातील सहकाऱ्यांना साहाय्य करण्यासाठी उतरल्या होत्या. परंतु फरसबंदी सुरू होण्यापूर्वीच, ८२ किलोमीटर शिल्लक असताना, त्या पुढे निघाल्या त्या अखेरपर्यंत एकट्याच राहिल्या. निसरड्या दगडांवर चाक घसरे, त्या सावरत आणि पुढे जात. पाठलाग करणाऱ्या मारियान व्होस यांच्यापेक्षा १ मिनिट १७ सेकंद आधी त्यांनी रूबे गाठले. हातांत मोजे नव्हते; सायकलच्या हँडलवर रक्ताचे डाग पडले होते. त्या वेळी त्या तीन वर्षांच्या मुलीची आई होत्या.

या विजयाचे बक्षीस किती होते? १,५३५ युरो. पुरुषांच्या विजेत्यासाठी ठेवलेली रक्कम होती ३०,००० युरो. पुरुषांना अंतर अधिक कापावे लागते, असे यावर कोणी म्हणेल. आपण हिशेब मांडून पाहू. पुरुषांचे अंतर होते सुमारे २५८ किलोमीटर, म्हणजे स्त्रियांच्या सव्वादोन पटींहूनही किंचित कमी. बक्षीस मात्र साडेएकोणीस पट! हे गणित कोणत्या शाळेत शिकवितात, हे आम्हांला ठाऊक नाही. आपल्याकडे म्हण आहे, हात ओला तर मैत्र भला. रूबेचा रस्ता ओला होता. आयोजकांचा हात तेवढा कोरडा राहिला. ही तफावत भरून देण्याचे श्रीमती डाइग्नन यांच्या संघाने आधीच जाहीर केले होते, हे त्या संघाला भूषणावह आहे. परंतु एकाच्या औदार्याने दुसऱ्याचा अन्याय फिटत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पावसातील शर्यतीत धोका असतो, हे कोण नाकारील? ७ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या आनेमीक व्हान व्ह्लाउटन आघाडीवर असताना एका ओलसर उतारावर कोसळल्या. त्यांच्या मणक्याला तीन ठिकाणी इजा झाली आणि मेंदूला जबर हादरा बसला. ते दृश्य पाहून अनेकांच्या काळजाचा ठोका चुकला असेल. परंतु आदल्याच दिवशी त्याच उतारावर पुरुषांच्या शर्यतीतील आघाडीचे स्वार व्हिन्चेन्झो निबाली पडले होते आणि त्यांच्या गळपट्टीचे हाड मोडले होते. त्यावरून पुरुषांनी सायकल सोडावी, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. उताराने भेद केला नाही, पावसाने केला नाही. भेद करतो तो माणूसच. निसरडा उतार वाईट असेल तर तो शर्यतीच्या मार्गातून काढावा. त्यासाठी स्त्रियांना शर्यतीतून काढण्याचे प्रयोजन नाही. व्हान व्ह्लाउटन यांनी २०२१ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून आणि २०२२ मध्ये स्त्रियांची फ्रान्स-प्रदक्षिणा जिंकून या प्रश्नाला स्वतःचे उत्तर दिले आहेच.

मग खरी जपणूक कोणती? आमच्या मते ती कराराच्या कागदावर दिसली पाहिजे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २०२० पासून सर्वोच्च श्रेणीच्या स्त्री-संघांना किमान वेतन बंधनकारक केले व प्रसूतिरजेची तरतूद केली. हे वेतन प्रारंभी १५,००० युरो होते. २०२३ मध्ये ते ३२,१०२ युरोंवर गेले. हाड मोडल्यावर उपचार कोण करणार, मूल झाल्यावर संघात जागा राहील काय, म्हातारपणाची तरतूद काय, हे प्रश्न पावसाहून अधिक भिववणारे असतात. त्यांची उत्तरे देणारा तो हितचिंतक. ‘तुम्हांला झेपणार नाही’ एवढेच सांगणारा नव्हे.

हा विवेक आपणांलाही हवा आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये करारबद्ध स्त्री व पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण क्रिकेटच्या झगमगाटाबाहेर, पहाटे हमरस्त्याच्या कडेने सायकलीचा सराव करणाऱ्या मुलीला आपण काय देतो? सुरक्षित रस्ता, जाणता शिक्षक आणि अपघाताचा विमा देण्याऐवजी ‘पाऊस आहे, आज जाऊ नकोस’ एवढा सल्ला आपण फुकट देतो. सल्ल्याला खर्च येत नाही, म्हणून तो मुबलक असतो.

मुलीने पावसात उतरावे की नाही, हे तिने ठरवावे. ती उतरल्यावर रस्ता नीट असेल, पडल्यास उचलणारे कोणी असेल आणि जिंकल्यास तिच्या श्रमाचे मोल पुरुषाइतकेच होईल, एवढे पाहणे समाजाचे काम आहे. ते काम न करता तिला घरी बसविणे म्हणजे आपला आळस तिच्या दुर्बळतेच्या नावावर लिहिणे होय. तो खोटा जमाखर्च आता बंद झाला पाहिजे.