साखर, इन्शुलिन आणि एक आडमुठे एन्झाइम

मधुमेहाची गोळी चालू नाही असे घर आता शोधावे लागते. अम्मींची सकाळची गोळी, अब्बांची रात्रीची. इन्शुलिन शरीरात असूनही काम का करत नाही, हा प्रश्न आम्हाला पालक विचारतात. आम्ही भाषेचे शिक्षक, पण वाचून समजले ते सांगतो.

इन्शुलिन पेशीच्या दारावर हाक मारते. ती हाक आत पोहोचवण्याचे काम एकेटी नावाचे प्रथिन करते. त्यासाठी एकेटीने पेशीच्या आवरणाला जाऊन चिकटायला हवे. इथे आयपी६के१ हे एन्झाइम आडवे येते. पेशीत इनोसिटॉलला सहा फॉस्फेट जोडलेला पदार्थ असतो, आयपी६. हे एन्झाइम त्याला सातवा फॉस्फेट जोडते आणि आयपी७ बनते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे हे आयपी७ एकेटीच्या चिकटण्याच्या जागेवर आधीच बसते. इन्शुलिन हाका मारत राहते, निरोप आत नीट पोहोचत नाही.

२०१० साली अमेरिकेत अनुतोष चक्रवर्ती आणि सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने हे एन्झाइम नसलेल्या उंदरांना भरपूर चरबीचे खाणे दिले. उंदीर लठ्ठ झाले नाहीत आणि इन्शुलिनला त्यांचा प्रतिसाद चांगला राहिला.

मग हे एन्झाइम बंद करणारी गोळी का देत नाहीत? कारण ते काही रिकामटेकडे नाही. स्नायडर यांच्याच प्रयोगशाळेत रश्ना भंडारी यांनी २००८ मध्ये दाखवले होते की ते नसलेले नर उंदीर वांझ राहतात, शुक्राणू नीट तयारच होत नाहीत. पुढे हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेत त्यांच्या गटाला २०१३ मध्ये आढळले की अशा उंदरांचे रक्त गोठायलाही उशीर लागतो. घरातल्या तरुण मुलाला अशी गोळी कोण देईल? प्रयोगशाळेत या एन्झाइमला रोखणारी रसायने आहेत, पण मधुमेहासाठी दवाखान्यात देण्याजोगे औषध त्यातून अजून आलेले नाही.

एक खुलासा मात्र करायलाच हवा. पाळीच्या तक्रारीसाठी, पीसीओएससाठी, मुलींना इनोसिटॉलची पावडर दिली जाते. नावे सारखी वाटतात, पण ती पावडर म्हणजे एकही फॉस्फेट न जोडलेले साधे इनोसिटॉल. आयपी६के१ रोखण्याचे ते औषध नव्हे. शेजारणीने सांगितले म्हणून ती आणून अम्मींची मधुमेहाची गोळी बंद करू नये.